उंटाची दोरी आणि बाळाचा पाळणा



पुणे जिल्ह्याच्या जुन्नर तालुक्यात, आळेफाट्याच्या पूर्वेस कल्याण–नगर रस्त्यावर राजुरी हे गाव आहे. कुकडी प्रकल्पाचे पाणी आले तसा या साऱ्या पट्ट्यात ऊस वाढला, आणि उसाच्या आडोशाने बिबट्याही येथे राहू लागला. मादी उसातच पिले घालते, तेथेच त्यांना वाढवते. म्हणून या परिसरात मगरिबची वेळ जवळ आली की माता अंगणात खेळणाऱ्या लेकरांना हाका मारून घरात घेतात, दार लावतात, बाहेरचा दिवा चालू ठेवतात. त्या वेळी घरातील एकही वडीलधारा माणूस असे म्हणत नाही की, अल्लाह रक्षणकर्ता आहे, मग दार कशाला लावता?

परंतु त्याच घरातील सून गरोदर राहते. आशाताई नाव नोंदवण्यासाठी दारात येते. आणि मग तोच वडीलधारा माणूस सहज म्हणून जातो, "अल्लाह देणारा आहे, तोच सांभाळील. आमच्या वेळी कुठे होत्या या तपासण्या?" हे चित्र एका राजुरीचे नाही. आपल्यापैकी बहुतेकांनी ते आपल्या आप्तांच्या घरी, कदाचित स्वतःच्याही घरी पाहिले असेल. बिबट्यासाठी जे दार आपण लावतो, ते रक्तक्षयासाठी, झटक्यांसाठी, जंतुसंसर्गासाठी उघडे का ठेवतो? एका ठिकाणी जी सावधगिरी शहाणपणाची ठरते, ती दुसऱ्या ठिकाणी श्रद्धेचा अभाव कशी ठरते?

या लेखात आपण याच प्रश्नाचा विचार करणार आहोत. येणाऱ्या बाळासाठी आधीपासून तयारी करणे, दोन बाळंतपणांत अंतर ठेवणे, धोक्याचा अंदाज घेऊन उपाय योजणे हे तवक्कुलच्या, म्हणजेच अल्लाहवरील भरवशाच्या, विरुद्ध आहे काय?

तवक्कुलचा अर्थ

तिरमिजी यांच्या हदीससंग्रहात हजरत अनस (रजि.) यांच्याकडून आलेली एक घटना आपल्यापैकी अनेकांना पाठ असेल. एका माणसाने प्रेषित मुहम्मद (स.) यांना विचारले की, उंट बांधून अल्लाहवर भरवसा ठेवू, की मोकळा सोडून भरवसा ठेवू? प्रेषितांनी (स.) त्याला आधी उंट बांधण्यास आणि मग भरवसा ठेवण्यास सांगितले. या उत्तरात दोन्ही गोष्टींना जागा आहे. दोरी बांधणे हे माणसाचे काम आहे. ती दोरी टिकवणे वा तोडणे अल्लाहच्या हाती आहे. ज्याने दोरीच बांधली नाही त्याने आपले काम अल्लाहवर ढकलले. आणि ज्याने दोरीलाच सर्वस्व मानले तो अल्लाहला विसरला.

दुसरा प्रसंग हजरत उमर (रजि.) यांचा आहे. ते सीरियाकडे निघाले असता सर्ग या ठिकाणी त्यांना समजले की पुढे प्लेगची साथ पसरली आहे. सहकाऱ्यांशी विचारविनिमय करून त्यांनी परत फिरण्याचा निर्णय घेतला. तेव्हा हजरत अबू उबैदा (रजि.) यांनी विचारले की, आपण अल्लाहने ठरवलेल्या नियतीपासून पळ काढता काय? उमर (रजि.) यांच्या उत्तराचा आशय असा होता की, होय, आम्ही अल्लाहच्या एका नियतीकडून त्याच्याच दुसऱ्या नियतीकडे जात आहोत. बुखारी व मुस्लिम या दोन्ही संग्रहांत हा प्रसंग आला आहे. रोग ही तकदीर आहे, तसा उपायही तकदीरच आहे. अतिरक्तस्राव होणे हे जसे अल्लाहच्या ज्ञानात आहे, तसेच वेळेवर रक्ताची पिशवी मिळणे हेही त्याच्याच ज्ञानात आहे. मग पहिल्यालाच तेवढे नशीब मानून दुसऱ्याकडे पाठ फिरवण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

भरवसा आपला, जीव दुसऱ्याचा

येथे एक गोष्ट अधिक बारकाईने पाहिली पाहिजे. तो उंट त्या माणसाच्या मालकीचा होता. हरवला असता तर नुकसान त्याचेच झाले असते. तरीही त्याला दोरी बांधण्याची ताकीद मिळाली. आपले मूल तर आपल्या मालकीचेही नाही. ते अल्लाहची अमानत आहे. आपली पत्नीदेखील आपल्याकडे अमानत आहे, प्रेषितांनी (स.) अखेरच्या हजच्या प्रवचनात पुरुषांना याची आठवण करून दिली होती.

मालक आणि अमानतदार यांत फरक असतो. मालक स्वतःच्या वस्तूबाबत धोका पत्करू शकतो. अमानतदाराला तो अधिकार नसतो. शेजाऱ्याने प्रवासाला जाताना आपले दागिने तुमच्याकडे ठेवले आणि तुम्ही ते उघड्या ओसरीवर ठेवून "अल्लाह मालिक आहे" असे म्हणालात, तर परतलेला शेजारी ते तुमच्या श्रद्धेचे लक्षण मानील काय? तो त्यास निष्काळजीपणाच म्हणेल, आणि त्याचे म्हणणे योग्य ठरेल.

गरोदर स्त्रीला दवाखान्यात न नेता घरी बसवून ठेवणारा पती किंवा सासरा म्हणतो की, माझा अल्लाहवर भरवसा आहे. परंतु त्या भरवशाची किंमत कोणाच्या देहाने चुकवली जाणार आहे? त्याच्या स्वतःच्या नव्हे. ती चुकवणार आहे ती स्त्री, आणि तिच्या उदरातील जीव, ज्याला कोणी काही विचारलेच नाही. स्वतःची श्रद्धा दुसऱ्याच्या जिवावर सिद्ध करण्याची मुभा इस्लामने कोणालाही दिलेली नाही. तुमच्यापैकी प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या ताब्यातील जिवांबद्दल विचारले जाईल, या आशयाची हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात कितीदा ऐकतो. प्रसूतीच्या खोलीबाहेर उभे असतानाही तिची आठवण ठेवावी.

काही जण आणखी एक हदीस पुढे करतात. बाळंतपणात मरण पावणारी स्त्री शहीदांमध्ये गणली जाते, असे अबू दाऊद यांच्या संग्रहात आले आहे. ही हदीस मागे राहिलेल्यांच्या सांत्वनासाठी आहे आणि त्या स्त्रीच्या कष्टांचा तो सन्मान आहे. तिला मरणाच्या दारात सोडणाऱ्यांसाठी ती ढाल होऊ शकत नाही. बुडून मरणाराही शहीद ठरतो असे त्याच हदीसमध्ये आहे. म्हणून बुडणाऱ्याला कोणी काठावर उभे राहून पाहत राहत नाही.

अपत्यनियोजन आणि उपजीविकेची भीती

आता एका गंभीर आक्षेपाचा विचार करू. दारिद्र्याच्या भीतीने आपल्या संततीची हत्या करू नका, त्यांना आणि तुम्हांला उपजीविका देणारे आम्हीच आहोत, या आशयाची आज्ञा पवित्र कुरआनच्या सूरह अल-अनआम व सूरह बनी इस्राईल यांत आली आहे. मग दोन मुलांत अंतर ठेवण्याची भाषा या आज्ञेशी विसंगत नाही काय?

आक्षेप घेणाऱ्यांची तळमळ खरी आहे. रोजी देणारा अल्लाहच आहे, आणि मूल म्हणजे केवळ खर्चाचा आकडा मानणारी वृत्ती इमानला शोभत नाही. परंतु वरील आयतींत जन्मलेल्या जिवाच्या हत्येचा निषेध आहे. गर्भधारणा लांबवणे ही निराळी बाब आहे. प्रेषितांच्या (स.) काळात, कुरआनचे अवतरण चालू असताना, सहाबा 'अज्ल' करीत असत, असे हजरत जाबिर (रजि.) यांनी सांगितले आहे. अज्ल म्हणजे गर्भधारणा टाळण्याची त्या काळातील पद्धत. इमाम गजाली यांनी 'इह्याउ उलूमिद्दीन' या ग्रंथात अज्ल का करता येईल याची कारणे देताना बाळंतपणाच्या धोक्यापासून पत्नीचा जीव वाचवणे हेही एक कारण मानले आहे.

सूरह अल-बकराच्या २३३ व्या आयतीकडे आपण नव्याने पाहावे. ज्यांना दूध पाजण्याचा काळ पूर्ण करावयाचा असेल त्यांच्यासाठी पूर्ण दोन वर्षांची मुदत तेथे सांगितली आहे. त्या काळात मातेच्या अन्नवस्त्राचा भार पित्यावर ठेवला आहे. मुलापायी मातेला त्रास होऊ नये आणि पित्यालाही होऊ नये, असे बजावले आहे. आणि दूध लवकर तोडायचे असल्यास तो निर्णय दोघांच्या संमतीने व सल्लामसलतीने व्हावा, असेही सांगितले आहे. दूध तोडण्याचा निर्णयसुद्धा जेथे एकट्या पुरुषावर सोपवलेला नाही, तेथे पुढील गर्भधारणेचा निर्णय पत्नीला न विचारता कसा घेता येईल? किंवा "अजून पाळणा हलला नाही" असे रोज ऐकवणाऱ्या नातेवाईकांच्या दडपणाखाली तो का घेतला जावा? जागतिक आरोग्य संघटनेचीही शिफारस आहे की, एका बाळाच्या जन्मानंतर पुढील गर्भधारणेपूर्वी किमान २४ महिने जाऊ द्यावेत. दोन वर्षांत मातेचे रक्त भरून निघते आणि अंगावरच्या बाळाला त्याच्या हक्काचे दूध मिळते.

पती-पत्नीच्या संमतीने योजलेले तात्पुरते उपाय अनेक आलिमांनी वैध मानले आहेत. कायमची शस्त्रक्रिया आणि गर्भपात हे मात्र वेगळे व गंभीर प्रश्न आहेत. त्यांत डॉक्टर आणि जाणकार आलिम या दोघांनाही विचारल्याशिवाय पाऊल उचलू नये.

नियोजनाच्या नावाखाली एक घोर पापही समाजात शिरले, त्याविषयी मौन बाळगता येणार नाही. गर्भ मुलीचा आहे काय हे पाहून तो नाकारणे, हे अरबांच्या त्या अज्ञानकाळातील कृत्याचेच नवे रूप आहे. जिवंत पुरलेल्या मुलीला कयामतच्या दिवशी विचारले जाईल की तिला कोणत्या अपराधासाठी मारले, या आशयाच्या सूरह अत-तकवीरमधील आयती आपण वाचतो. महाराष्ट्राने १९८८ साली गर्भलिंग निदानाविरुद्ध देशात प्रथम कायदा केला आणि १९९४ साली केंद्राचा कायदा आला. कायद्याचे भय असो वा नसो, मोमिनाला त्या प्रश्नाचे भय पुरेसे असावे.

आणखी एक बाब लग्नाच्या आधीची आहे. चुलत, मामे, आते वा मावस भावंडांचा विवाह शरीअतने वैध ठेवला आहे; अनिवार्य केलेला नाही. जवळच्या नात्यात काही आनुवंशिक आजारांचा संभव वाढतो. थॅलेसेमियाचे उदाहरण घ्या. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारांत एक इतका धोका असतो की बाळाला तो आजार जडेल आणि आयुष्यभर रक्त चढवावे लागेल. एका साध्या रक्ततपासणीने हे आधी कळू शकते. निकाहच्या बोलणीत दागिन्यांची यादी होते. ही तपासणी त्या यादीत असावी.

नऊ महिन्यांची दोरी

उपचार करा, अल्लाहने असा रोग उतरवला नाही ज्याचा उपाय उतरवला नाही, अशी शिकवण प्रेषितांनी (स.) दिली, त्यांनी केवळ वार्धक्याचा अपवाद केला. गर्भारपण हा रोग नाही, पण त्यात रोग दबा धरून बसू शकतो. म्हणून दोरी कोठे कोठे बांधायची, ते पाहू.

मूल हवे असे ठरताच फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने सुरू करावी, कारण बाळाचा मज्जारज्जू पहिल्या काही आठवड्यांतच घडतो. पुष्कळदा स्त्रीला गर्भाची चाहूलही लागलेली नसते. पहिल्या तीन महिन्यांत नाव नोंदवावे. किमान चार तपासण्या, धनुर्वाताची लस, लोहाच्या गोळ्या, रक्तदाब, हिमोग्लोबिन, साखर आणि रक्तगट यांत कसूर करू नये. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी आरोग्य केंद्रांत गरोदर मातांची मोफत तपासणी होते. २०११ पासून लागू असलेल्या जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात सरकारी रुग्णालयातील प्रसूती, सिझेरियन झाले तरीही, मोफत आहे. औषधे, आहार, रक्त आणि ने-आण यांचाही त्यात समावेश आहे. खर्चाच्या भीतीने घरी बसण्याचे कारण राहिलेले नाही.

डोके असह्य दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे, चेहरा व हात सुजणे, अंगावरून रक्त जाणे, झटके येणे, ताप, पाणी जाणे किंवा बाळाची हालचाल मंदावणे यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नये. राजुरीसारख्या गावातून आळेफाटा वा नारायणगाव गाठावयाचे असते, आणि मळ्यातल्या वस्तीवर राहणाऱ्यांना आधी डांबरी रस्ता गाठावा लागतो. म्हणून आठव्या महिन्यातच ठरवून ठेवावे: कोणत्या रुग्णालयात जायचे, रात्री गाडी कोणाची मिळेल, सोबत कोण जाईल, त्या रक्तगटाचे रक्त देणारे दोघे जण कोण. १०८ आणि १०२ हे क्रमांक भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावेत. पती कामासाठी मुंबईला वा आखातात असेल तर निर्णय घेण्याचा अधिकार घरात कोणाला आहे, हे त्याने आधीच स्पष्ट सांगावे. "त्यांना विचारल्याशिवाय कसे नेणार?" या एका वाक्यात कित्येकदा अनमोल वेळ जातो.

रमजानविषयीही दोन शब्द. गरोदर आणि अंगावर दूध पाजणाऱ्या स्त्रीला रोजापासून सूट असल्याचे हदीसमध्ये आले आहे. स्वतःला वा बाळाला अपाय होईल अशी भीती असताना रोजा सोडणे ही अल्लाहने दिलेली सवलत स्वीकारणे होय. नंतर कजा कशी करायची ते आलिमांना विचारावे. घरातील इतर स्त्रियांनी तिला लाजवू नये. तिच्यासाठी दुपारचे जेवण प्रेमाने वाढावे. तेही पुण्याचेच काम आहे.

बाळंतिणीची खोली

बाळ जन्मले, कानात अजान दिली, घरात आनंद झाला. आता पहिली तासाभराची गोष्ट. मातेचे पहिले पिवळसर, घट्ट दूध म्हणजे चीक. तो काही घरांत अजूनही पिळून टाकतात. त्यात बाळाचे रोगांपासून रक्षण करणारे घटक असतात. तो बाळाचा पहिला हक्क आहे. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे, पाणीही नको.

येथे तहनीकचा प्रश्न येतो. खजूर चावून मऊ करून नवजात बालकाच्या टाळूला किंचित लावण्याची प्रेषितांची (स.) सुन्नत आहे. ज्यांना ती पाळावयाची आहे त्यांनी डॉक्टरांना विचारून, स्वच्छ हाताने, निरोगी व्यक्तीकडून आणि अगदी नाममात्र पाळावी. खजुराऐवजी मध चाटवण्याची प्रथा मात्र सोडून द्यावी. मधात कधी कधी असे जिवाणूबीज असते की एक वर्षाखालील बाळाच्या आतड्यात ते विष निर्माण करते. मोठ्यांसाठी मध शिफा आहे; तान्ह्यासाठी तो धोका ठरू शकतो. अल्लाहने एकाच वस्तूत वयानुसार वेगवेगळे परिणाम ठेवले आहेत.

आपल्या भागात बाळंतिणीला शेक-शेगडी देण्याची रीत आहे. बाजेखाली निखाऱ्यांची शेगडी, दारे-खिडक्या बंद आणि वर ओवा-लसणाच्या सालींची धुरी. बुखारी यांच्या संग्रहात आहे की मदीनेत एका रात्री एक घर त्यातील माणसांसह जळाले. ते कळताच प्रेषितांनी (स.) सांगितले की, अग्नी तुमचा शत्रू आहे, झोपताना तो विझवत जा. चौदाशे वर्षांपूर्वीची ही ताकीद बाळंतिणीच्या खोलीला जशीच्या तशी लागू आहे. निखाऱ्यांतून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दिसत नाही, त्याला वास नसतो आणि बंद खोलीत तो झोपेतच प्राण घेतो. धुराने तान्ह्याची छाती भरते. ऊब हवी असेल तर बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरावे, टोपडे-मोजे घालावेत. नाळेला हळद, राख, तेल काहीही लावू नये. ती कोरडी ठेवावी. डोळ्यांत काजळ घालू नये. बाळाला उताणे झोपवावे.

महाराष्ट्रातीलच एक अनुभव येथे सांगण्यासारखा आहे. गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने ३९ खेड्यांतील साध्या स्त्रियांना नवजात बाळाची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले. बाळाला उबेत ठेवणे, श्वास मोजणे, जंतुसंसर्ग वेळीच ओळखून औषध देणे एवढ्यानेच तीन वर्षांत नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटले. १९९९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. आज आशाताई पहिल्या ४२ दिवसांत वारंवार घरी येतात, त्यामागे हाच अनुभव आहे. त्यांना उंबऱ्यावरून परत पाठवू नका. बाळ दूध ओढत नसेल, अंग तापलेले वा थंडगार असेल, मिनिटाला साठ वा अधिक श्वास घेत असेल, छाती आत ओढली जात असेल, तळवे पिवळे दिसत असतील, तर ताबडतोब रुग्णालय गाठावे. तावीज बांधण्यात वेळ दवडू नये. दुआ वाटेत, वाहनात बसूनही करता येते.

अकीका सातव्या दिवशी करणे ही सुन्नत आहे, पण ऐपत असणाऱ्यासाठी. कर्ज काढून जेवणावळ घालण्याची सक्ती कोठेही नाही. लसीसाठी शहरात जायला भाड्याचे पैसे नाहीत आणि अकीक्याला दोनशे पाने उठली, असे आपल्या घरी होऊ देऊ नका.

संध्याकाळची ताकीद

आता पुन्हा राजुरीच्या संध्याकाळकडे येऊ. अंधार पडू लागला की मुलांना आवरून घरात ठेवा, दारे बंद करा, भांडी झाका, असा आदेश हजरत जाबिर (रजि.) यांच्या हदीसमध्ये आहे. त्या वेळी शैतान पसरतात, असे कारण तेथे दिले आहे. त्या गैबी धोक्यावर आपले इमान आहेच. पण त्याच वेळी उसातून बाहेर पडणारा धोकाही आपल्याला दिसतो. वनविभागाची सूचनाही तीच आहे: सांजेनंतर लहान मुलांना एकटे अंगणात सोडू नये, उघड्यावर झोपू नये, घराभोवती उजेड ठेवावा. बिबट्या खाली बसलेल्या वा वाकलेल्या लहान आकृतीला भक्ष्य समजू शकतो. म्हणून शौचालय घरालगत असणे ही येथे इज्जतीची तशीच प्राणरक्षणाची बाब आहे.

बिबट्याचे भय सर्वांना वाटते, कारण तो डरकाळी फोडतो. शेततळे मात्र आवाज करीत नाही. त्याचा प्लॅस्टिकचा कागद इतका निसरडा असतो की पडलेल्याला वर येता येत नाही. त्याला कुंपण घाला आणि काठाला दोर बांधून ठेवा. कांदा-टोमॅटोवरील औषधांच्या बाटल्या कुलपात ठेवा. शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत औषध कधीही भरू नका. रांगत्या मुलासाठी पाण्याची भरलेली बादलीसुद्धा पुरेशी खोल असते.

आणि आपल्या दाराबाहेरही नजर टाका. साखर कारखान्याचा हंगाम सुरू झाला की दूरच्या जिल्ह्यांतून ऊसतोड कुटुंबे येतात. त्यांच्या कोप्यांना दार नसते. आई पहाटे फडात जाते तेव्हा बाळ उसाच्या कडेला चिंधीच्या झोळीत असते. ते मूल आपल्या धर्माचे आहे की नाही, हे शेजाऱ्याचे हक्क सांगताना प्रेषितांनी (स.) विचारलेले नाही. त्या वस्तीवर एक दिवा लागेल, गरोदर बाईचे नाव आशाताईंपर्यंत पोहोचेल, एवढे तर आपण करू शकतो. हजरत उमर (रजि.) यांच्याविषयी इतिहासात नमूद आहे की, एका रात्री एक तान्हे बाळ सारखे रडत असल्याचे त्यांनी ऐकले. दूध तोडलेल्या मुलालाच सरकारी वेतन मिळते म्हणून त्याची आई वेळेआधी दूध तोडत होती. त्यांना आपल्याच नियमातली चूक कळली, ते रडले, आणि प्रत्येक मुलाला जन्मापासून वेतन देण्याचा हुकूम त्यांनी काढला. परक्या बाळाचे रडणे ऐकू येणे हीसुद्धा राखणदाराची खूण आहे.

दोरी बांधूनही

शेवटी सर्वांत कठीण प्रश्न उरतो. सारी काळजी घेतली आणि तरीही बाळ गेले, तर?

प्रेषितांचे (स.) पुत्र इब्राहीम तान्ह्या वयातच, हिजरी १० मध्ये वारले. प्रेषितांच्या (स.) डोळ्यांतून अश्रू वाहिले. डोळे रडतात, हृदय दुःखी होते, पण तोंडून तेच निघते जे पालनकर्त्याला आवडते, असा त्यांच्या उद्गारांचा आशय होता. त्याच दिवशी सूर्यग्रहण लागले. इब्राहीमच्या मृत्यूमुळे सूर्य झाकोळला, असे लोक बोलू लागले. पुत्रशोकात असतानाही प्रेषितांनी (स.) त्यांना स्पष्ट सांगितले की सूर्य आणि चंद्र अल्लाहच्या निशाण्या आहेत, कोणाच्या मरणाने वा जगण्याने त्यांना ग्रहण लागत नाही. आपल्याकडे आजही गरोदर स्त्रीला ग्रहणात उपाशी, निश्चल बसवून ठेवतात आणि बाळात व्यंग निघाले तर "तिने ग्रहण पाळले नाही" म्हणून तिलाच दोष देतात. ज्या उम्मतीच्या प्रेषितांनी (स.) स्वतःच्या मुलाच्या मृत्यूशी ग्रहणाचा संबंध जोडू दिला नाही, तिच्या घरांत हे चालावे काय?

म्हणून ज्या मातेने सारे केले आणि तरीही तिची कूस रिकामी झाली, तिला कोणीही विचारू नये की तू काय खाल्लेस, कोठे गेलीस. तिने दोरी बांधली होती. ती सुटणे तिच्या हाती नव्हते. अशा वेळी तकदीरचा आधार घेणे हेच इमान आहे. तकदीर हा शब्द दवाखान्याच्या वाटेवर अडथळा म्हणून वापरायचा नसतो. सारे प्रयत्न संपल्यावर दुःखी हृदयाला टेकण्यासाठी तो दिलेला आहे.

आज मगरिबला दार लावाल तेव्हा एवढे आठवा की घराला आणखीही दारे आहेत. ज्या हाताने कडी घालता त्याच हाताने सुनेचे नाव नोंदवा, लेकीला लोहाची गोळी द्या, शेगडी विझवा. मग दोन्ही हात वर उचलून अल्लाहकडे मागा.

हे अल्लाह, आमच्या घरांत येणाऱ्या जिवांची अमानत सांभाळण्याची आम्हांस बुद्धी आणि शक्ती दे. त्यांच्या मातांवर दया कर. आणि ज्यांच्या कुशी रिकाम्या झाल्या त्यांना सब्र व उत्तम मोबदला दे. आमीन.